एक नळ, दोन चुली: वाढीव बिऱ्हाडाच्या पाण्याचे काय?

मूळ घरामागे बांधलेल्या दोन खोल्या, वेगळा जिना काढून भाड्याने दिलेला वरचा मजला, आईसाठी परसात उभारलेली खोली, चवथीपुरते उघडणारे वडिलोपार्जित घर. अशा ‘दुसऱ्या’ घरांवर पाण्याचा जादा आकार लावावा का, हा प्रश्न गोव्यात वाड्यावाड्यावर चर्चेत आहे. वाचकांनी त्याबद्दल विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : ज्यांच्या घरात भाड्याची बिऱ्हाडे आहेत त्यांनी पाण्यासाठी दर खोलीमागे जादा रक्कम भरावी, अशी सूचना आमच्या ग्रामसभेत आली. पंचायत असा आकार लावू शकते का? तो न्याय्य ठरेल का? (बार्देश)

गोव्यात नळाचे पाणी पंचायत पुरवत नाही, राज्य सरकारचे खाते पुरवते आणि दरही सरकारच अधिसूचनेने ठरवते. त्यामुळे खात्याच्या पाण्यावरचा आकार ग्रामसभा ठरवू शकत नाही. ठराव करून शिफारस मात्र पाठवता येते. घरपट्टी पंचायतीच्या हातात आहे, पण तिच्या पावतीत ‘पाण्यापोटी’ म्हणून रक्कम मिसळली तर तिचा हिशेब कोणालाच देता येणार नाही.

न्यायाचा मुद्दा याहून मोठा आहे. ही सूचना द्वेषातून येते असे समजू नये. चढावरच्या आणि लाईनच्या शेवटच्या घरांना सकाळी सहा ते नऊ या वेळात खरोखरच पाणी कमी मिळते. ओपा, अस्नोडा किंवा साळावलीच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातले पाणी उंच टाकीत चढून वाड्यावरच्या जलवाहिनीत येते. ती जलवाहिनी टाकली तेव्हा धरलेली लोकसंख्या जुनी आहे. तीस घरांच्या जागी पन्नास बिऱ्हाडे झाली की खालच्या घरांच्या टाक्या आधी भरतात आणि वरच्या नळाला नुसती हवा येते. ही तक्रार खरी आहे.

पण उपाय खोलीमागे शोधला तर चुकतो. खोली पाणी पीत नाही, माणसे पितात. शहरी पाणीपुरवठ्याचे आराखडे माणशी दिवसाला १३५ लिटर धरून होतात. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला दिवसाला ५४० लिटर आणि तीस दिवसांचे सुमारे १६ घनमीटर. १ सप्टेंबर २०२१ पासून गोव्यात मोफत पाण्याची योजना सुरू झाली तेव्हा महिन्याची मर्यादाही १६ घनमीटरच होती. चार माणसांच्या एका चुलीला हे माप बरोबर बसते. त्याच मीटरवर दुसरे चौघे आले की प्रत्येकाच्या वाट्याला निम्मेच उरते आणि घरमालक उधळ्या ठरतो, जरी कोणी एक बादलीही वाया घालवली नसली तरी.

आमचे मत स्पष्ट आहे. आकार लावायचाच तर तो स्वतंत्र चुलीला लावावा, खोलीला नाही. आणि ज्या चुलीकडून स्थिर आकार (वापर कितीही असो, मीटरमागे द्यायची ठरलेली रक्कम) घेतला, तिला स्वस्त दराचा पहिला टप्पाही स्वतंत्र मिळालाच पाहिजे, कारण वापर वाढतो तसा पुढच्या टप्प्याचा दर चढतो. पैसे दोन बिऱ्हाडांचे घ्यायचे आणि टप्पा एकाचाच मोजायचा, हे आम्हाला मान्य नाही. ग्रामसभेने ठराव करायचा असेल तर नेमका हाच करावा, आणि सोबत जलवाहिनीचा व्यास वाढवण्याची मागणी घालावी. आकाराने दाब वाढत नाही, पाईप बदलल्याने वाढतो.

प्रश्न : मागच्या खोलीत भाडेकरू कुटुंब आहे. एकच मीटर आहे. वेगळी जोडणी घेणे परवडेल का? (फोंडा)

प्रत्येकाचे गणित वेगळे येईल. ते कसे करायचे ते दाखवतो. खालचे दर केवळ हिशेबासाठी धरले आहेत, तुम्ही तुमच्या ताज्या बिलावरचे आकडे घाला. पहिले १५ घनमीटर ४ रुपयांनी, पुढचे १० घनमीटर ८ रुपयांनी, त्यापुढचे १५ रुपयांनी आणि मीटरमागे स्थिर आकार ५० रुपये, असे समजा.

दोन्ही कुटुंबे महिन्याला १४-१४ घनमीटर वापरतात. एकाच मीटरवर २८ झाले : ६० अधिक ८० अधिक ४५, म्हणजे १८५ आणि स्थिर आकार धरून २३५. मीटर वेगळे असते तर प्रत्येकी ५६ अधिक ५०, दोघांचे मिळून २१२. दुसरा स्थिर आकार भरूनही २३ रुपये वाचले.

आता मागच्या खोलीत एकटी वृद्ध आई राहते आणि ४ घनमीटर वापरते असे धरा. एका मीटरवर १८ घनमीटरचे ८४ अधिक ५०, म्हणजे १३४. वेगळ्या मीटरवर ५६, १६ आणि दोन स्थिर आकार, एकूण १७२. येथे वेगळी जोडणी ३८ रुपयांनी महाग पडली. सरसकट ‘प्रत्येक जादा घराला आकार’ हा नियम सर्वात आधी अशा आईच्या खोलीला जाचतो, म्हणून आमचा त्याला विरोध आहे.

वेगळी जोडणी घ्यायचे ठरलेच तर त्या भागाला स्वतंत्र घर क्रमांक आहे का ते आधी पाहा. साधारणपणे घरपट्टीची पावती, जागेचा एक-चौदाचा उतारा किंवा खरेदीखत, ओळखपत्र आणि परवानाधारक प्लंबरचा दाखला लागतो. पाईप दुसऱ्याच्या जागेतून जात असेल तर त्याची लेखी संमती घ्या. रस्ता खोदावा लागणार असेल तर अर्ज दिवाळीनंतर लगेच करा, कारण पावसाळ्यात खोदकामाला परवानगी मिळणे अवघड असते. नवी जोडणी मुख्य वाहिनीवरूनच घ्यावी. तुमच्या मीटरपुढच्या पाईपला टी लावून काढलेली लाईन ही वेगळी जोडणी नव्हे.

प्रश्न : भाडेकरूसाठी आम्ही खासगी मीटर बसवला. दोन्ही बेरजा खात्याच्या मीटरशी जुळत नाहीत आणि दर महिन्याला वाद होतो. (डिचोली)

‘दोन्ही बेरजा’ म्हणजे तुमच्या भागालाही खासगी मीटर आहे असे धरतो. एकच खासगी मीटर असेल तर उरलेले सगळे पाणी तुमच्या नावावर पडते, गळतीसह, आणि ताळा करताच येत नाही.

मीटर १५ मिलिमीटरचा, मल्टी-जेट (चक्रावर अनेक छिद्रांतून पाणी सोडणारा), अचूकतेच्या ब वर्गाचा आणि आयएस ७७९ या भारतीय मानकाप्रमाणे आयएसआय चिन्ह असलेला घ्या. असा मीटर ताशी ३० लिटरपेक्षा कमी प्रवाह नीट मोजत नाही. ३० ते १२० लिटरच्या दरम्यान ५ टक्क्यांपर्यंत आणि त्यावर २ टक्क्यांपर्यंत चूक मान्य आहे. म्हणून बेरजेत ४-५ टक्के फरक येणारच, तो निम्मा-निम्मा वाटून घ्यावा. १० टक्क्यांवर गेला तर कारण शोधा.

बहुतेक वेळा कारण टाकीच्या बॉल कॉकमध्ये सापडते. टाकी भरत आली की साधा बॉल कॉक हळूहळू मिटतो आणि शेवटचा अर्धा तास पाणी सुतासारखे वाहते. तेवढे पाणी मीटर सोडून देतो. एकदम उघडणारा आणि एकदम बंद होणारा फ्लोट व्हॉल्व बसवला की फरक बराच उतरतो. दुसरे कारण हवेचे. पाणी तासाभरापुरते येणाऱ्या भागात रिकाम्या पाईपमधली हवा आधी सुटते आणि मीटरचे चक्र फिरवते. मीटर लाईनच्या सर्वात खालच्या भागात, पाईप नेहमी भरलेला राहील असा ठेवा. वरच्या टोकाला हवा सोडणारा व्हॉल्व लावा.

तिसरी चूक बसवण्यातली. मीटर आडवा, तबकडी आकाशाकडे आणि बाण प्रवाहाच्या दिशेला हवा. उभ्या पाईपवर तिरका लावलेला मीटर कमी मोजतो. त्याच्या आधी किमान १५० मिलिमीटर आणि नंतर ७५ मिलिमीटर सरळ पाईप ठेवा, एल्बोला, म्हणजे पाईपच्या वळणाला, चिकटवून बसवू नका. क्रम असा : पाणी बंद करण्याची चावी, जाळी, सरळ पाईप, मीटर, सरळ पाईप, नॉन-रिटर्न व्हॉल्व (पाणी उलटे जाऊ न देणारी झडप). मीटरच्या दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारा सांधा) असावा, म्हणजे जाळी साफ करताना पाईप कापावा लागत नाही. पहिल्या पावसात पाणी गढूळ येते तेव्हा जाळी दोनदा तरी काढून धुवा. छपरावरची टाकी नळाच्या जेमतेम दोन मीटर वर असेल तर मीटर तिच्या खालच्या लाईनवर बसवू नका, शॉवरला दाबच उरणार नाही. अशा घरात प्रत्येक बिऱ्हाडाची टाकी वेगळी करून मीटर टाकीत चढणाऱ्या लाईनवर घ्यावा.

मीटरवर संशय असेल तर दोघांच्या समोर २० लिटरचा कॅन पाच वेळा भरा. काळे आकडे घनमीटरचे, लाल त्याखालच्या लिटरचे. १०० लिटरला ९५ ते १०५ दाखवत असेल तर घरगुती तपासणीपुरता मीटर ठीक आहे. मग रात्री सगळे नळ बंद करून त्यावरची छोटी चांदणी पाहा. ती हलत असेल तर गळती आहे. आधी फ्लश टाकीत चिमूटभर हळद टाका. न दाबता अर्ध्या तासात भांड्यात पिवळे दिसले तर तिचा वॉशर गेला आहे. वाचन दोघांनी एकाच तारखेला, शक्यतो खात्याचा मीटर रीडर येतो त्याच दिवशी घ्यावे आणि वहीत सही करावी.

प्रश्न : मुंडकाराचे घर भाटकाराच्या जागेत असते. तेही ‘दुसरे घर’ धरणार का? (सांगे)

धरू नये. भाटकार म्हणजे जमीनमालक आणि मुंडकार म्हणजे त्याच्या जागेत घर करून राहणारा. १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने ज्याला ओळख दिली ते मुंडकाराचे राहते घर आहे, भाटकाराच्या घराची मागची खोली नाही. कुटुंब वेगळे, चूल वेगळी, तेव्हा तो पहिला ग्राहकच ठरतो. आकाराच्या कोणत्याही मसुद्यात ‘एका जमिनीवरील दुसरे घर’ अशी व्याख्या आली तर तिला लेखी हरकत घ्या. जमिनीच्या उताऱ्यावरून मोजणी केली की गोव्यातील अशी कितीतरी घरे विनाकारण जाळ्यात सापडतील.

प्रश्न : आम्ही मुंबईत राहतो. पेडण्यातील घर मे महिन्यात आणि चवथीला उघडते. पाणी वापरत नसताना स्थिर आकार का भरायचा? (मुंबई)

भरावा, असे आमचे मत आहे. तुमच्यासाठी पाईप, मीटर आणि टाकीतली जागा वर्षभर राखून ठेवलेली असते. शिवाय तुम्ही नेमके त्याच दिवसांत येता जेव्हा मागणी कळसाला असते : मेमध्ये नद्यांचे पाणी उतरलेले असते आणि चवथीला प्रत्येक घर भरलेले असते.

मात्र सरासरी बिलापासून स्वतःला वाचवा. फाटकाला कुलूप असले की रीडरला आकडा दिसत नाही आणि अंदाजाने बिल निघते. मीटर आवाराच्या भिंतीवर बाहेरून दिसेल अशा पेटीत हलवून घेण्यासाठी उपविभाग कार्यालयात अर्ज करा. जाताना मीटरपुढची चावी बंद करून आकड्याचा फोटो काढा. वर्षभर उभा राहिलेला मीटर कधी कधी अडकतो, म्हणून आल्या दिवशी पहिल्या नळाबरोबर चक्र फिरते का ते पाहा. अडकला असेल तर त्याच दिवशी लेखी कळवा.

प्रश्न : दोन खोल्या होमस्टेला दिल्या आहेत. पाण्याचा दर कोणता? (काणकोण)

पर्यटन व्यवसाय नोंदणीचा १९८२ चा कायदा आणि पाण्याची वर्गवारी या वेगळ्या गोष्टी आहेत. एकीकडे नोंदणी झाली म्हणून दुसरीकडचे काम आपोआप होत नाही. तुमची वर्गवारी खात्याकडून लेखी मागून घ्या. खोल्यांची लाईन वेगळी करून त्यांना स्वतंत्र मीटर असणे केव्हाही चांगले, नाहीतर पाहुण्यांमुळे स्वयंपाकघराचे पाणीही बिगर-घरगुती दरात मोजले जाण्याचा धोका राहतो.

प्रश्न : भाची कॅलिफोर्नियात असते. तिथे जादा घरांच्या पाण्याचा हाच वाद आहे म्हणते. तिथे काय करतात? (पणजी)

तिथला वाद मुख्यतः जोडणी देताना एकदाच घेतल्या जाणाऱ्या आकाराचा आहे. आपल्याकडे बोलणे चालले आहे ते दरमहाच्या आकाराचे. हा फरक लक्षात ठेवावा. त्या राज्याच्या कायद्यानुसार आधीपासून असलेल्या घराच्या आतच जादा घर तयार केले, तर सहसा त्याला नव्या जोडणीची किंवा जोडणी-आकाराची सक्ती करता येत नाही. अंगणात स्वतंत्र बांधले तर आकार लावता येतो, पण तो घराच्या क्षेत्रफळाच्या किंवा आतल्या बेसिन, शॉवर, फ्लश यांच्या मोजणीच्या प्रमाणात असावा लागतो. ही मोजणी आपल्याकडेही उचलण्याजोगी आहे. एक मोरी आणि एक संडास असलेली खोली आणि तीन न्हाणीघरांचा बंगला यांना एकच आकडा लावणे अन्यायाचे आहे.

प्रश्न : मागच्या खोल्या पूर्ण विहिरीवर चालतात. तरी जादा आकार द्यावा का? (सत्तरी)

खात्याचे पाणी तिथे जातच नसेल तर नाही. पण ते दाखवता आले पाहिजे, म्हणजे दोन्ही लाईन कुठेही जोडलेल्या नसाव्यात. अनेक घरांत उन्हाळ्यासाठी मध्ये एक चावी ठेवलेली असते. ती धोक्याची आहे. खात्याच्या वाहिनीत दाब नसताना विहिरीचा पंप चालू झाला आणि चावी गळकी निघाली, तर विहिरीचे न शुद्ध केलेले पाणी वाड्याच्या वाहिनीत शिरते. नॉन-रिटर्न व्हॉल्वच्या झडपेत खडा अडकला की तोही उघडाच राहतो, त्याच्यावर भिस्त ठेवू नका. विहिरीची आणि खात्याची टाकी वेगळी करा. एकाच टाकीत दोन्ही पाणी घेणे भाग असेल तर खात्याच्या पाईपचे तोंड टाकीच्या ओव्हरफ्लोच्या वर निदान दोन बोटे मोकळे सोडा. थेट वाहिनीला पंप लावून पाणी ओढणे तर मुळीच नको. फुटक्या सांध्यातून बाजूच्या गटाराचे पाणी आत येते आणि ते आधी शेजाऱ्याच्या नळाला पोचते. विहिरीची नोंदणी २००२ च्या भूजल नियमन कायद्याखाली झालेली असावी. मीटर तपासायला खात्याचा माणूस आला की त्याला दोन्ही लाईन उघड्यावर दाखवता याव्यात, म्हणून पाईप भिंतीत गाडू नका.