गॅरेजची पायरी : झाकण उघडल्यावर ‘फुस्स’ झालं का?

प्रश्न : काका, वडिलांची 1998 ची स्प्लेंडर मी शाळेत जायला वापरतो. पाटणहून कराडकडे निघालो की मल्हारपेठेच्या आसपास गाडी गचके खाते आणि बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की एका किकला सुरू, थोडं पुढे गेलं की पुन्हा तेच. टाकी फुल केली की त्रास जास्त. प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा साफ करून घेतला. आता मेकॅनिक म्हणतो, प्लगला ठिणगी पुरवणारे सीडीआय आणि कॉइल बदलू. जूनपासून हे चाललंय. त्याच महिन्यात टाकीला हौसेने रेक्झिनचं नवं कव्हर शिवून घेतलं, आणि गाडी आता ढकलावी लागतेय!
– एक शिक्षक, पाटण

उत्तर : गुरुजी, शेवटचं वाक्य तुम्ही वैतागून लिहिलंत, पण मला सगळ्यात उपयोगाचं तेच वाटलं. कॉइलचे पैसे तूर्त खिशातच ठेवा.

तुमच्या गाडीला पेट्रोलचा पंप नाही. टाकी वर, कार्बोरेटर खाली, पेट्रोल स्वतःच्या वजनाने उतरतं. जेवढं उतरेल तेवढी हवा आत यायला हवी, त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. गोडेतेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गुळुक गुळुक करत अडतं, म्हणून आपली आई समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडायची. तुमच्या टाकीचं ते दुसरं भोक बुजलंय, असा माझा दाट संशय आहे. नव्या कव्हरची झडप झाकणावर घट्ट बसत असणार. शिवाय पाऊस आत जाऊ नये म्हणून झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी घातली असेल, तर विचारायलाच नको.

फुल टाकीचा त्रासही यात बसतो. टाकी भरलेली असली की आत हवेला जागा थोडी, त्यामुळे थोडं पेट्रोल उतरलं तरी आतली हवा विरळ होऊन पेट्रोलला मागे ओढ लगेच बसते. अर्ध्या टाकीला तीच ओढ बसायला वेळ लागतो. थांबल्यावर कुठून तरी हवा हळूहळू झिरपते आणि गाडी पुन्हा शहाण्यासारखी चालते.

आता खात्री करू. गाडी बंद पडली की किक मारत बसू नका. कव्हर बाजूला करून झाकण उघडा. ‘फुस्स’ आवाज आला आणि मिनिटभरात गाडी सुरू झाली, तर चोर सापडला. आवाज नाही आला, तर इंजिन जरा निवू द्या आणि कार्बोरेटरच्या वाटीखालचा (तिथेच पेट्रोल साठतं) ड्रेनचा स्क्रू बाटलीवर सैल करा. (बिडीवाल्या मित्राला लांब उभं करा.) चारच थेंब पडले तर पेट्रोल अडतंय. वाटी भरलेली निघाली, तर मात्र मेकॅनिकचं ऐका. तापलेली कॉइल दगा देते तेव्हाही निवल्यावर गाडी चालू होते, पण ती बहुतेक वेळा खटकन बंद पडते, अशी गचके खात नाही.

घरी आणखी एक करून बघा. कार्बोरेटरकडची पाइप काढून बाटलीत सोडा, कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी, ऑन करा. साठचं ॲव्हरेज आणि पन्नासचा स्पीड धरला तर गाडीला मिनिटाला 14 मिलिलिटरच पेट्रोल लागतं, म्हणजे तीन चहाचे चमचे! धार त्याच्या कितीतरी पट यायला हवी, आणि झाकण बंद असतानाही टिकायला हवी. झाकण उघडं ठेवूनही धार बारीकच राहिली तर कॉकची जाळी गंजाने भरलीय. मध्ये कुणी बाहेरचा फिल्टर बसवला असेल तर तो काढा. एवढ्याशा उंचीवरून येणाऱ्या धारेत तोच आडवा येतो.

झाकण धुऊन पंक्चरवाल्याच्या हवेने भोक उडवा, कव्हरला झाकणाच्या जागी मोठं भोक पाडून घ्या. सांगायला लाज वाटते, पण धंद्यात नवा असताना मी एका गिऱ्हाइकाचा कार्बोरेटर तीनदा खोलला होता. झाकणाखालची पिशवी चौथ्या दिवशी दिसली, तीही त्याच्या बायकोला.

प्रश्न : आठ महिने शेडमध्ये उभी असलेली यामाहा आरएक्स 100 बाहेर काढली. कॉक उघडला की कार्बोरेटरच्या खालच्या नळीतून पेट्रोल गळतं.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी कॉक बंद करा. वाटीतलं जुनं पेट्रोल उडून चिकट थर राहिलाय, त्यात फ्लोटची सुई, म्हणजे वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी सुई, अडकलीय. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलके टिचकवा, कधी तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर वाटी उघडून सुई आणि तिची बैठक पुसा. सुईच्या टोकावर गोल खाच दिसली तर ती बदलाच. टाकीतलं पेट्रोल सगळं काढा. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते तुमच्या कोकणातल्या दमट हवेतलं पाणी ओढतं. तुमच्यासारख्या टू-स्ट्रोक गाडीला गळकं पेट्रोल क्रँककेसमध्येही, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोटातही, उतरतं, म्हणून प्लग काढून, त्याची वायर लांब ठेवून, कॉक बंद असतानाच आठ-दहा किका मारा आणि मगच सुरू करा.