क्यूएसएल कार्डं, नोंदवह्या आणि कॅसेटी: काकांचा संग्रह कसा जपावा

प्रश्न असा आहे: काकांनी १९८०च्या दशकात शॉर्टवेव्ह ऐकून जमवलेली दोनेकशे क्यूएसएल कार्डं (स्टेशन ऐकल्याचं कळवल्यावर स्टेशनने पाठवलेली पोचपावतीची कार्डं), नोंदवह्या आणि वीसेक कॅसेटी जपायच्या कशा, इतरांना द्यायच्या कशा?

आधी जोड्या फोडू नका. कार्ड, वहीतली ओळ आणि कॅसेटवरचा तुकडा हे बऱ्याचदा एकाच श्रवणाचे पुरावे असतात. तिघांना एकच क्रमांक द्या. कार्डाच्या मागे कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने. पाकिटंही ठेवा, तिकिटं सोडवू नका.

हमखास घोळ तारखेचा होतो. कार्डावर जीएमटी म्हणजे ग्रीनिचची वेळ असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे; वहीत बहुधा आपली वेळ. ५ जानेवारीच्या पहाटे ३ वाजता ऐकलेलं स्टेशन कार्डावर ४ जानेवारी, २१:३० असं येतं. फाइलच्या नावात जीएमटीच ठेवा: तारीख, वेळ, किलोहर्ट्झ, स्टेशन.

लॅमिनेशन, सेलोटेप, चिकट पानांचे अल्बम नकोतच. पीव्हीसीच्या कव्हरला शाई चिकटते, पॉलिप्रॉपिलीनची घ्या. स्कॅन दोन्ही बाजूंनी, ६०० डीपीआय, टिफ फाइलमध्ये.

कॅसेटींना मात्र घाई करा. आधी वरच्या कडेचे प्लास्टिकचे टॅब मोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. टेपवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी असू शकते. ती कॅसेट डेकमध्ये घालू नका, टेप वाचणाऱ्या हेडवरून बुरशी बाकीच्यांना लागते. चांगल्या कॅसेटी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या. सी-१२०ची, म्हणजे १२० मिनिटांची, टेप पातळ असते, ती फक्त वाजवा, पळवू नका. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आवाज दबका आला तर हेडशेजारचा अ‍ॅझिमथचा, म्हणजे हेडचा तिरकेपणा बदलणारा, स्क्रू किंचित फिरवा, ‘स’ आणि ‘श’ स्वच्छ होईपर्यंत. हे प्रत्येक कॅसेटला वेगळं, कारण मूळ टेपरेकॉर्डरचं हेड तिरकं असू शकतं. रेकॉर्डिंग लाइन-इनमधून, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. सर्वांत मोठा आवाज -६ डीबीच्या आत. सी-९०ला सुमारे ७८० एमबी लागतात.

मूळ फाइलमधली खरखर काढू नका. फेडिंग (आवाजाचं कमीजास्त होणं), शेजारच्या स्टेशनची घुसखोरी, मधली शिट्टी, यावरूनच त्या रात्री स्टेशन कसं ऐकू येत होतं ते कळतं. स्वच्छ प्रत हवी तर वेगळी करा.

इतरांना देताना ३०० डीपीआयची जेपेग प्रत द्या आणि काकांचा पत्ता झाका. अख्खी गाणी टाकू नका, हक्कांचा प्रश्न येतो. स्टेशनची ओळखधून, उद्घोषणा, बातम्यांचा आरंभ जरूर टाका. १९९०मध्ये बंद पडलेलं रेडिओ बर्लिन इंटरनॅशनल किंवा २०१७मध्ये शॉर्टवेव्ह सोडलेलं रेडिओ ऑस्ट्रेलिया सापडलं तर ते आधी करा. मूळ कार्डं सांभाळणारं घरात कुणी नसेल, तर व्हिएन्नाचं डोकुमेंटात्सिऑन्सआर्किव्ह फुंक क्यूएसएल कार्डं जतन करतं; पाठवण्याआधी त्यांना यादी कळवा, आणि वह्याही सोबत घेणार का ते विचारा.