आजीच्या बहिणीचं घर कुठं शोधू?

प्रश्न : आजीच्या पितळी डब्यात मोडीतली चार पत्रं आणि दोन बहिणींचा एक फोटो सापडला. धाकटी गडहिंग्लजकडं दिली होती, एवढंच ठाऊक आहे. तिच्या नातवंडांना हे दाखवायचंय. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आधी फोटो फ्रेममधून काढून मागं बघा. माझ्या आत्याच्या फोटोमागं पेन्सिलीनं गावाचं नाव होतं आणि आम्ही वीस वर्षं भलतीकडंच विचारत होतो!

पत्रं मोडी जाणकाराकडून वाचून घ्या. मजकुरापेक्षा शेवटचे नमस्कार-आशीर्वाद महत्त्वाचे, सगळ्या घरादाराची नावं तिथंच सापडतात. आडनाव-गाव कळलं की तलाठ्याकडचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, बघा. माणूस वारला की वारसनोंद होते, त्यातून पुढची पिढी कळते. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात असतात. घरचं कुणी त्र्यंबकेश्वरी विधीला गेलं असेल, तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत वंशावळ मिळू शकते.

आता एक गोम. मी पहिल्याच फोनवर "तुमच्या आजोबांचं नाव काय, जमीन कुठल्या गटात?" असं विचारून बसलो. समोरच्याला वाटलं, वाटणी मागायला आलाय! दोन महिने त्यानं फोनच उचलला नाही. तुम्ही सातबाऱ्याचं नावच काढू नका. फोटोची प्रत घेऊन जा, चहाला बसा, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या हातात ती द्या. चष्मा शोधेपर्यंत थांबा.