ब्रिटनच्या अपील कोर्टातल्या पहिल्या महिला न्यायाधीश कोण? त्यांची कारकीर्द कशी होती?

एलिझाबेथ बटलर-स्लॉस. जन्म 1933. विद्यापीठाची पदवी नसताना 1955 मध्ये त्या बॅरिस्टर झाल्या, 1979 मध्ये हायकोर्टात न्यायाधीश आणि 1988 मध्ये थेट अपील कोर्टात.

तिथे पंचाईत झाली ती पदनामाची. कायद्यात शब्दच ‘लॉर्ड जस्टिस’ असा होता, त्यामुळे बाई असूनही त्या कागदोपत्री ‘लॉर्ड जस्टिस बटलर-स्लॉस’! ‘लेडी जस्टिस’ म्हणायची मुभा 1994 मध्ये मिळाली, आणि कायद्यातला शब्द बदलायला 2003 उजाडलं.

माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम मात्र ईशान्य इंग्लंडमधल्या क्लीव्हलंड भागातल्या बालअत्याचार प्रकरणाच्या चौकशीचं. 1987 मध्ये तिथल्या शंभराहून जास्त मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचं निदान डॉक्टरांनी केलं आणि त्यातल्या बऱ्याच जणांना घरापासून तोडलं गेलं. मूल ही व्यक्ती आहे, नुसता काळजीचा विषय नव्हे, हे त्यांनी अहवालात ठणकावून सांगितलं. 1989 च्या बालक कायद्यावर या अहवालाचा ठसा आहे.

1999 ते 2005 त्या कौटुंबिक न्याय विभागाच्या अध्यक्ष होत्या. मानेखाली लुळ्या पडलेल्या, पण पूर्ण शुद्धीत असलेल्या एका बाईंचा व्हेंटिलेटर नाकारण्याचा हक्क त्यांनी 2002 मध्ये मान्य केला. निवृत्तीनंतर, 2006 मध्ये, त्या हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये गेल्या.