गेमिंगसाठी लिनक्स: आधी तुमच्या गेमची यादी बघा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तुमचा पीसी विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, तर लिनक्सवर यावं का आणि गेम चालतील का, असं तुम्ही विचारलंय. डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) कोणतं घ्यायचं ते नंतर बघू. तुम्ही ऑनलाइन काय खेळता, यावर सगळं ठरतं.

एकट्याने खेळायचे गेम असतील तर खुशाल या. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं वाइन १९९३ पासून आहे, पण चित्र पालटलं ते २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम या आपल्या गेमच्या दुकानात वाइनवर आधारलेलं प्रोटॉन आणलं तेव्हा. विंडोजचा गेम चित्र दाखवण्यासाठी डायरेक्टएक्सच्या भाषेत जे मागतो, ते प्रोटॉनमधलं डीएक्सव्हीके चालता चालता व्हल्कन या लिनक्सवर चालणाऱ्या भाषेत बदलून ग्राफिक्स कार्डाकडे पाठवतं. डायरेक्टएक्स १२ साठी हेच काम व्हीकेडी३डी-प्रोटॉन करतं. स्टीम डेक या व्हॉल्व्हच्या हातात धरायच्या लिनक्स यंत्रावर विंडोजचे गेम चालतात ते याच जोरावर. आणि हा सगळा कोड खुला आहे, याचं मला आजही मनापासून कौतुक वाटतं.

घोडं अडतं ते अँटी-चीटपाशी, म्हणजे ऑनलाइन गेममधली फसवणूक पकडणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट चालत नाहीत. एपेक्स लेजेंड्स छान चालायचा, २०२४ मध्ये लिनक्सवाल्यांसाठी तो बंद केला गेला. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय ही अशी सॉफ्टवेअर प्रोटॉनवर चालू शकतात, पण गेम बनवणाऱ्यांनी तशी मुभा द्यायला हवी. तेव्हा प्रोटॉनडीबी या वेबसाइटवर एकेक नाव टाकून लोकांचे ताजे अनुभव वाचा. रोजचा गेमच अडकत असेल तर ड्युअल बूट करा, म्हणजे एकाच पीसीवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवा. अँटी-चीट चुकवायच्या आडवाटेच्या युक्त्या करू नका, अकाउंट बॅन होऊ शकतं.

ड्युअल बूटमध्ये बरेच जण विंडोजच्या एनटीएफएस (विंडोजची फाइल साठवायची पद्धत) ड्राइव्हवरचेच गेम लिनक्समधून चालवायला जातात. तसं करू नका. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक फोल्डर बनवतं आणि त्यात 'सी:' अशा नावाची लिंक ठेवतं. विंडोजला नावातला कोलन चालत नाही, मग गेम सुरूच होत नाही किंवा ड्राइव्हवर एरर येतात. लिनक्ससाठी वेगळं एक्स्ट४ (लिनक्सची फाइल साठवायची पद्धत) पार्टिशन करा आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा.

रोजच्या कामाचं म्हणाल तर ब्राउझर, व्हीएलसी सगळं तेच आहे. एमएस ऑफिसच्या जागी वापरायच्या लिब्रेऑफिसमध्ये वर्डच्या गुंतागुंतीच्या फाइलची मांडणी कधी कधी हलते, त्यामुळे पाठवताना पीडीएफ करा. फोटोशॉपवर पोट असेल तर मात्र विंडोज सोडू नका.

सुरुवातीला मी लिनक्स मिंट हेच डिस्ट्रो सुचवेन. एनव्हिडिया कार्ड असेल तर त्यातल्या ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर टाका; एएमडीचा कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) असतो. कार्ड अगदी नवं असेल तर फेडोरा बरं.

विंडोज पुसण्याआधी सेव्ह फाइल्स बाहेर काढा. ज्या गेमना स्टीम क्लाउड (सेव्ह ऑनलाइन ठेवायची सोय) नाही, त्यांच्या सेव्ह बहुधा डॉक्युमेंट्स किंवा ॲपडेटामध्ये असतात. लिनक्सवर गेम एकदा चालवून बंद करा, म्हणजे प्रोटॉनने त्यासाठी बनवलेल्या फोल्डरात 'स्टीमयूजर' नावाचा युजर तयार होतो. त्याच्या खाली तीच फोल्डरं दिसतील, तिथे त्या फाइल्स टाका.