हायस्कूलमधल्या मुलांमध्ये आपुलकी आणि एकोपा कसा वाढवावा?

तुम्ही लिहिलंय की शाळेत सौजन्य सप्ताह झाला, भिंतींवर सुविचार लागले, तरी मुलं आपापल्या कंपूतच राहतात. मी बरीच वर्षं याच वयाच्या मुलांना शिकवते आहे. असे सप्ताह मीही घेतलेत. सोमवारी सगळं पूर्ववत असायचं.

नुसतं शेजारी बसवून मनं जुळत नाहीत. १९५४ साली मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत ओक्लाहोमात मुलांच्या शिबिरात दोन गट पाडून त्यांच्यात चुरस लावली. लवकरच शिवीगाळ, झेंडे जाळणं सुरू झालं. मग त्यांना एकत्र जेवायला बसवलं, तर तिथेही भांडणं. पाण्याचा पुरवठा बंद पडला, ट्रक अडला आणि दोन्ही गटांना एकाच दोराला हात लावावा लागला, तेव्हा कुठे वैर निवळू लागलं.

वर्गात असा दोर कुठून आणायचा? मला एलियट अ‍ॅरन्सन यांची १९७१ची 'जिगसॉ' पद्धत फार उपयोगी पडली. धड्याचे पाच भाग करायचे आणि पाचांच्या गटात प्रत्येकाला एकच द्यायचा. आधी सगळ्या गटांतली तोच भाग मिळालेली मुलं एकत्र बसून तो पक्का करतात, मग आपल्या गटात परत येऊन शिकवतात. चाचणी मात्र सगळ्या धड्यावर. गट तुम्हीच पाडा. मुलांवर सोडलं तर जुनेच कंपू परत येतात. पहिले दोन-तीन आठवडे गोंधळ होतो, हुशार मुलं कुरकुरतात, पालकही विचारायला येतात. तेवढे दिवस नेट धरा. माझ्या वर्गात एक मुलगा वरचेवर गैरहजर असायचा आणि कुणाला त्याचं काही वाटत नसे. ही पद्धत सुरू झाल्यावर एक दिवस त्याच्या गटातल्या दोघी मला विचारायला आल्या, "बाई, तो आजारी आहे का? त्याची वही आम्ही पूर्ण करून ठेवू?" मी त्यांना हे सांगितलं नव्हतं.

दुसरं, पुढाकार घेणारी मुलं निवडताना शिक्षकांची लाडकी मुलं निवडू नका. न्यू जर्सीतल्या ५६ शाळांत झालेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी निम्म्या शाळांत भांडणं आणि छळ यांविरुद्ध काय करायचं ते निवडक विद्यार्थ्यांनीच ठरवलं. बाकीच्या शाळांच्या तुलनेत तिथे वर्षभरात भांडणांच्या नोंदी सुमारे ३० टक्क्यांनी घटल्या. ज्यांच्याकडे बाकीच्यांचं लक्ष असतं अशी मुलं गटात जास्त होती, तिथे परिणामही जास्त दिसला. म्हणून मी वर्गात चिठ्ठ्या लिहून घेते: तू सगळ्यात जास्त वेळ कुणाबरोबर असतेस, असतोस? पुन्हा पुन्हा येणाऱ्या नावांत मागच्या बाकावरची वांड मुलंही निघतात. त्यांनाही घ्या.

एक मात्र सांभाळा. एखाद्याचा छळ चालू असेल, तर छळणाऱ्याला आणि त्याला एका गटात टाकून दोस्ती करायला लावू नका. आधी छळ थांबवा, त्या मुलाशी एकट्याशी बोला, आणि कोणाबरोबर बसायचं ते त्यालाच ठरवू द्या.