मुकुटाचा छाप घासू नका

पेडण्याच्या घरात माळ्यावर आजोबांची पोर्तुगीज रायफल सापडली, ती घासून चकचकीत करून एकदा तरी वाजवायची, असं तुम्ही लिहिलंय. आधी हातातला पॉलिश पेपर खाली ठेवा.

आमच्या डिचोलीच्या घरातली मॉझर-व्हर्गेरो, म्हणजे पोर्तुगीज सैन्याची रायफल होती, १९०४ चं मॉडेल, काडतुसाचं माप ६.५ मिलिमीटर. नळी जिथे बसते त्या कड्यावर दोम कार्लुश राजाची अक्षरं आणि वर मुकुट होता. मी तो गंज समजून दोन दुपारी घासला. पोर्तुगालात राजेशाही १९१० मध्ये संपली, म्हणजे तो मुकुट हाच बंदुकीच्या वयाचा पुरावा होता, हे मला नंतर कळलं. रायफल घेऊन सरकारी कचेरीत गेलो, तिथे पहिलाच प्रश्न आला, ‘जुनी कशावरून?’ दाखवायला फक्त गुळगुळीत लोखंड. मग एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. रायफल तपासणीसाठी ठेवून घेतली, पोचपावतीवर नुसतं ‘एक जुनी बंदूक’. दोन पावसाळ्यांनी पाहायला मिळाली तेव्हा नळी लाल झाली होती आणि दस्ता फुगला होता. आजही ती तिथेच आहे. आजोबांची वस्तू मी माझ्या हाताने घालवली, याचं दुःख अजून जात नाही.

म्हणून प्रत्येक छाप, साल, क्रमांक यांचे फोटो आजच काढा. बंदूक नेण्याआधी वकिलाला विचारा आणि पोलिसांना लेखी कळवा. जमा करावी लागलीच तर पावतीवर क्रमांक आणि अवस्था लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.

मी वकील नाही, पण माझ्या समजुतीप्रमाणे १९५९ च्या शस्त्र कायद्यातली परवान्याची सूट नुसत्या जुनेपणाला नाही. दुरुस्त करूनही चालणार नाही, अशाच शस्त्राला ती आहे. म्हणजे तुम्ही ती चालती केलीत की सूट गेली आणि विनापरवाना बंदूक उरली. अमेरिकेतले व्हिडिओ पाहून फसू नका. तिकडे १८९८ पर्यंतच्या बंदुकांना वेगळा नियम आहे, आपल्याकडे तसं काही नाही.

वाजवायचा विचार तर सोडाच. त्या मापाची काडतुसं बाजारात सहज मिळत नाहीत, आणि जवळपासच्या मापाचं घातलं तर बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा खटका, तोंडावर येऊ शकतो. पुढे या मॉडेलच्या काही रायफली बदलून ७.९२ मिलिमीटरच्या केल्या होत्या, त्यामुळे नुसत्या मॉडेलवरून माप ठरवू नका. नेमबाजीची हौस असेल तर रेंजवर जाऊन एअर रायफल शिका. मी तेच केलं, आणि मन रमतं.

आणि हो, लाकडाला वार्निश नको. जवसाचं तेल अगदी पातळ, कापडाने. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत तर ठेवूच नका, आपल्या पावसाळ्यात आत ओल धरते.